आइस हॉकीत माइक सिलिंजरसारखा एखादा खेळाडू बारा संघांतून खेळला, म्हणजे तो कुणालाच नको होता का?

नको असलेल्या खेळाडूला संघ सोडून देतात, त्याच्या बदल्यात दुसरा खेळाडू देत बसत नाहीत. तुम्ही ज्याचं उदाहरण दिलंय तो माइक सिलिंजर एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वोच्च आइस हॉकी लीगमध्ये, १०४९ सामने खेळला, २४० गोल केले. बारा संघांतून खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे, आणि मला तो विक्रम मानाचा वाटतो.

तो कॅनडातल्या रेजायनाचा. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, डेट्रॉइटने त्याला पहिल्याच फेरीत, अकराव्या क्रमांकावर घेतलं. पण डेट्रॉइटकडे त्याच सेंटरच्या, म्हणजे आघाडीच्या मधल्या जागेवर स्टीव्ह आयझरमन आणि सर्गेई फेदोरोव हे दोन दिग्गज होते. त्यांच्यापुढे कोणाला जागा मिळणार? एनएचएलमध्ये सिलिंजरचं नाव झालं ते दुसऱ्याच कामांसाठी: फेस-ऑफ (खेळ सुरू करताना दोघांमध्ये चकतीसाठी होणारी झटापट) जिंकणं, आपला एक गडी शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना उरलेल्या चौघांनी किल्ला लढवणं. ही कामं प्रत्येक संघाला लागतात, पण त्या जोरावर कुणी संघ उभा करत नाही. त्याच्या भटकंतीचं मूळ मला इथेच दिसतं.

हंगाम संपत आला की प्लेऑफकडे, म्हणजे अजिंक्यपदाच्या बाद फेऱ्यांकडे, निघालेल्या संघांना असा तयार माणूस हवा असतो, आणि तळाचे संघ त्याला देऊन तरुण पोरं नाहीतर ड्राफ्टचे हक्क मिळवतात. २००५-०६ चा हंगाम बघा. वय ३४, कारकिर्दीतला सर्वोत्तम खेळ चाललेला, पण सेंट लुईस तळाला. जानेवारी २००६ मध्ये त्यांनी त्याला नॅशव्हिलला दिलं. दोन्ही संघांसाठी मिळून त्या हंगामात त्याने ३२ गोल केले. म्हणजे चांगलं खेळत होता म्हणूनच तो गेला.

सगळे ट्रेड, म्हणजे संघांमधल्या अदलाबदली, असे नव्हते, हेही सांगायला हवं. जुलै २००३ मध्ये कोलंबसने त्याला डॅलसला दिलं आणि त्याच दिवशी डॅलसने पुढे फिनिक्सला. डॅलसला फिनिक्सचा बचावपटू टेपो नुमिनेन हवा होता, त्याच्या बदल्यात हा गेला. डॅलसची जर्सी अंगावर चढलीच नाही, म्हणून बारा संघांत डॅलस मोजत नाहीत. एका दिवसात दोनदा मालक बदलणं माणसाला कसं वाटत असेल! ट्रेड नाकारायचा हक्क करारात लिहून घेणं सहसा बड्या खेळाडूंनाच जमतं. बाकीच्यांनी फोन आला की निघायचं. हंगामाच्या मध्यात तर खेळाडू पुढच्या सामन्यासाठी लगेच विमानात बसतो, आणि घर आवरणं, मुलांची शाळा हे सगळं बायकोच्या अंगावर पडतं. मार्च २००१ मध्ये सिलिंजर फ्लोरिडाहून थेट ओटावाला गेला. नकाशावर अंतर बघा म्हणजे कळेल. त्याचा मुलगा कोल २००३ मध्ये कोलंबसला जन्मला, कारण बाप तेव्हा तिथे खेळत होता. २०२१ मध्ये त्याच कोलंबस संघाने कोलला ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर घेतलं.

खुब्याच्या दुखण्याने २००९ मध्ये सिलिंजरची कारकीर्द संपली. एनएचएलचं अजिंक्यपद, स्टॅन्ली कप, त्याला कधीच मिळालं नाही.

तरी त्याला नशीबवान म्हणावं लागेल, कारण बरेच जण आयुष्यभर एनएचएल आणि तिच्या खालच्या एएचएल या लीगमध्ये वरखाली करत राहतात. त्यांचे करार दुहेरी असतात: वर खेळलात तर एक पगार, खाली त्याच्या कितीतरी कमी. अनुभवी खेळाडूला खाली धाडायचं तर आधी वेव्हरवर, म्हणजे इतर संघांसाठी खुल्या यादीत, ठेवावं लागतं, आणि चोवीस तासांत दुसरा कुठलाही संघ त्याला उचलू शकतो. तेवढा दिवस त्याने नुसती वाट बघायची.

म्हणून पुढच्या वेळी अशी लांबलचक यादी दिसली तर संघ मोजू नका. बदल्यात कोण आलं, महिना कोणता होता आणि नव्या संघाने त्याला बर्फावर किती वेळ दिला, ते बघा.