गुणायचं की भागायचं?

"सूत्र पाठ आहे हो मॅडम. पण पेपर हातात आला की गुणायचं की भागायचं, हेच सुचत नाही. मला केमिस्ट्री जमणारच नाही का?"

हा प्रश्न माझ्यापुढे दरवर्षी येतो. या मुलीने वहीच आणली होती. एका गणितापाशी खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं. द्रावणात लिटरला 4 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड, तर मोलॅरिटी, म्हणजे लिटरमागे मोल, किती? (मोल म्हणजे कण मोजायचं ठरावीक माप, डझनासारखं.) मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, 40 ग्रॅम. हिने गुणून लिहिलं होतं, 160.

भीतीबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. एवढंच विचारलं, "एक मोल म्हणजे 40 ग्रॅम. तुझ्याकडे आहेत 4. मग एक मोल तरी भरेल का?"

ती गप्प. मग हळूच, "नाही. दहावा भाग. 0.1."

सूत्राचं नावही न काढता उत्तर आलं होतं. मग आम्ही तिच्या 160 कडे वळलो. नुसतं शुद्ध पाणी घेतलं, तरी लिटरभरात साधारण 55.5 मोलच असतात: 1000 ग्रॅमला 18 ने भागायचं. त्याच लिटरात 160 मोल कोंबणार कुठे? ती खुदकन हसली. (अशा वेळी हसू फुटलं की माझं निम्मं काम झालेलं असतं.)

पुढचं तिनेच केलं. लिटरला 9 ग्रॅम मीठ, 58.5 ने भागून 0.154 मोल. तेवढंच ग्लुकोज, 180 ने भागून 0.05. वजन तेच, पण ग्लुकोजचा रेणू जड, म्हणून मोल कमी. मोलवरून ग्रॅमकडे यायचं तर गुणायचं, हे मला सांगावंच लागलं नाही.

पाठांतराला माझा विरोध नाही. पण घाबरल्यावर पहिल्यांदा दगा देतं ते पाठांतरच. एककं मात्र कागदावर डोळ्यांसमोर असतात: ग्रॅमला 'ग्रॅम प्रति मोल'ने भागलं की ग्रॅम उडतात, मोल उरतात.

आठवड्याने ती आली तेव्हा मी रक्तातल्या साखरेचा, म्हणजे ग्लुकोजचा, आकडा दिला. 90 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. लिटरला किती मिलिमोल? तिने थेट 180 ने भागलं. 0.5. उपाशीपोटी हा आकडा 5 च्या आसपास असतो, एवढं तिने वाचलेलं होतं. पेन थांबलं.

"एवढ्याशा साखरेवर माणूस उभा तरी राहील का?" असं पुटपुटत तिने डेसिलिटरखाली, म्हणजे लिटरच्या दहाव्या भागाखाली, रेघ मारली आणि 90 चे 900 केले. खोडरबर दप्तरातच होता.