नेतृत्वाचं आणि खिलाडूवृत्तीचं बक्षीस कुणाला द्यायचं, हे कसं ठरवावं?

तुम्ही विचारलंय की यंदापासून शाळेच्या स्नेहसंमेलनात 'उत्तम नेतृत्व' आणि 'खिलाडूवृत्ती' अशी दोन बक्षिसं सुरू करायची आहेत, तर निवड कशी करावी, गुणपत्रक कसं बनवावं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत २६ वर्षं पी.टी.चा मास्तर होतो. गुणपत्रक बनवू नका, हे आधीच सांगतो. आम्ही बनवलं होतं. त्यात सगळ्यांना दहापैकी आठ पडायचे आणि शेवटी बक्षीस संस्थेतल्या कुणाच्या तरी पुतण्याला जायचं.

त्याहून मोठी चूक माझी स्वतःची. कित्येक वर्षं खिलाडूवृत्तीचं बक्षीस मी उत्तेजनार्थ म्हणून वापरलं. पोरगं गरीब स्वभावाचं, रोज येतं, पण खेळात यथातथा, मग त्याला हे द्यायचं. पोरांना ते बरोबर कळायचं. ज्याचं नाव पुकारलं जाई तो खाली मान घालूनच स्टेजवर यायचा.

मला अक्कल आली ती तालुक्याच्या खो-खोत. १७ वर्षांखालच्या मुली, शेवटचा डाव, संरक्षण आमचं, एका गुणाची आघाडी आणि मिनिटभरही उरलेलं नाही. आमची एक मुलगी खांबाला वळसा घालून निसटली. पंचांची शिट्टी नाही, प्रेक्षकांत गलका. आणि ही बाई चालत चालत सीमारेषा ओलांडून बाहेर! दोन्ही पाय बाहेर पडले की नियमाने बादच, त्यामुळे पंचांपुढे प्रश्नच उरला नाही. बरोबरी झाली. तिच्या जोडीची मुलगी गोंधळली, शिट्टीच्या आत पकडली गेली, आम्ही एका गुणाने हरलो.

मी तिच्यावर सगळ्यांदेखत ओरडलो. "पंचांनी दिलं नव्हतं, तू कशाला निघालीस?" ती खांद्याला हात लावून म्हणाली, "सर, इथं लागलं होतं बोट."

त्या वर्षी बक्षीस मी कर्णधाराला दिलं. ते अजून खुपतं.

१९८० साली वानखेडेवरच्या क्रिकेट कसोटीत आपला कर्णधार विश्वनाथने पंचांनी बाद दिलेल्या इंग्लंडच्या बॉब टेलरला परत बोलावलं, ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगायचो. त्यानंतर टेलर-बॉथमची मोठी भागीदारी झाली आणि आपण सामना १० गडी राखून हरलो, हेही सांगायचो. माझ्याच संघातल्या पोरीने तेच केलं तेव्हा मात्र मला फक्त गुणफलक दिसला. खिलाडूवृत्ती अशी पदरमोड करून दाखवावी लागते. नुसता शांत, सगळ्यांशी गोड बोलणारा विद्यार्थी चांगलाच असतो, पण हे बक्षीस त्याचं नव्हे.

नेतृत्वाचंही तसंच. शालेय मंत्रिमंडळाचा क्रीडामंत्री किंवा संघाचा कर्णधार म्हणजे आपोआप नेता, असं धरू नका. आमच्याकडे एक राखीव खेळाडू होता, अख्ख्या मोसमात मैदानात उतरला असेल दोनदा. सकाळी सहाला येऊन फक्की मारून मैदान आखायचा, आठवीच्या पोरांना खो-खोच्या पाटीवर, म्हणजे खांबांमधल्या चौकोनात, बसायचं कसं ते शिकवायचा. कर्णधार आजारी पडला त्या दिवशी पोरं कुणी न सांगता त्याच्याभोवती जमली. मी लांबून बघत होतो.

अशी मुलं शोधायला शिक्षकांच्या खोलीत बसून भागत नाही. शिपाईमामांना विचारा, सामन्यानंतर जाळी आणि चेंडू कोण आणून देतं. समोरच्या संघाच्या सरांना विचारा, त्यांना आमच्यापेक्षा स्वच्छ दिसतं. पंचांना विचारा. पोरांचं मतदान घेऊ नका, सगळी मतं जास्त गडी मारणाऱ्याला पडतात. त्यापेक्षा प्रत्येकाला एकेकटं गाठून विचारा, संघातून नाव कापल्यावरही सरावाला कोण येत होतं? आणि खिशात एक छोटी वही ठेवा. डिसेंबरात आठवायला बसलात तर जुलैतलं काही आठवत नाही.

निकष आधी जाहीर करू नका. आम्ही केले, तर पुढचे दोन महिने सरावात जो तो हात वर करून "सर, मला लागलं, मी बाद!" लागलेलं नसलं तरी. आणि ज्या वर्षी कुणी डोळ्यांत भरलं नाही, त्या वर्षी बक्षीस देऊच नका. मुख्याध्यापक कुरकुर करतील, करू देत. दहावी-बारावीच्या खेळाडूंना बोर्डाचे सवलतीचे गुण स्पर्धेच्या पातळीप्रमाणे मिळतात, खिलाडूवृत्तीला त्यात रकाना नाही. म्हणून तर हे एक बक्षीस तरी नीट द्यायला हवं.

देताना नुसतं नाव पुकारू नका. त्या मुलाने नेमकं काय केलं ते दोन वाक्यांत माइकवर वाचा. विशेषणं नकोत, घडलं ते सांगा. पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा मागच्या रांगेतली दंगा करणारी पोरंसुद्धा गप्प झाली होती.

करंडकही नको, घरी धूळ खातो. आम्ही खेळाचे बूट द्यायला लागलो, कारण निम्म्या पोरी अनवाणी खेळायच्या. फक्त माप आधी गुपचूप घेऊन ठेवा. पहिल्या वर्षी आम्ही दोन नंबर मोठे आणले होते, पोरीने पुढं कापूस कोंबून मोसम काढला.