नोकरी गेली, आता पीएफ पण जाणार का?

प्रश्न : मी चाकणला एका सप्लायर कंपनीत 9 वर्षं होतो, पगार 19,500. दोन महिन्यांपूर्वी कपात झाली त्यात माझा पण नंबर लागला. पर्सनल लोनचे 1 लाख 80 हजार बाकी आहेत आणि सॅलरी अकाउंट त्याच बँकेत आहे. दोन हप्ते बाऊन्स झाले. रिकव्हरीवाला फोनवर म्हणतो तुझा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं जप्त करू. बायको म्हणते आत्ताच पीएफ काढून घ्या म्हणजे त्यांच्या हाती लागणार नाही. काढू का? (एक वाचक, राजगुरुनगर)

उत्तर : नका काढू, निदान त्या खात्यात तर नाहीच नाही. वहिनींची भीती खरी आहे पण उपाय उलटा झालाय. पीएफ ऑफिसात पडून असलेल्या पैशाला कुठलंही कोर्ट जप्ती लावू शकत नाही, पीएफच्या कायद्यातच तसं लिहिलंय, मग त्या फोनवाल्याची काय कथा. ग्रॅच्युइटीचं पण तेच.

गोची होते ती पैसा खात्यात आल्यावर. ज्या बँकेचं लोन त्याच बँकेत पीएफ आला की ते होल्ड लावतात नाहीतर थकलेले हप्ते परस्पर वळते करून घेतात आणि तुम्ही एटीएमसमोर उभे. 2008 साली सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलंय की पेन्शन, ग्रॅच्युइटीचा पैसा हातात आला, एफडीत टाकला तरी त्यावर जप्ती येत नाही, पण हे कोर्टात भांडून मिळवायचं आणि तोपर्यंत घरी किराणा कोण भरणार? म्हणून लोन नाही अशा दुसऱ्या बँकेत खातं उघडा, पीएफच्या पोर्टलवर केवायसीत ते टाका, मगच गरजेपुरता क्लेम करा. बाकीचा तिथेच राहू दे, व्याज चालू राहतं.

ग्रॅच्युइटी कंपनीकडे लेखी मागा. बेसिक 13,000 धरलं तर भागिले 26 गुणिले 15 म्हणजे वर्षाचे 7,500, 9 वर्षांचे 67,500 होतात. कंपनीने ते 30 दिवसांत द्यायचे असतात.

आणि एक, तुमचा इएसआय (कामगार विमा) कापला जात असणार (21,000 च्या आतला पगार ना). अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त 90 दिवस सरासरी पगाराच्या निम्मे मिळतात, म्हणजे तुमचे साधारण 29 हजार, तेही आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत अधूनमधून वाढवतात म्हणून आधी इएसआयच्या ब्रँच ऑफिसात जाऊन विचारा. हे पैसे पण नव्या खात्यातच घ्या.

लोन काही यामुळे माफ होत नाही बरं का. नोकरी गेल्याचं पत्र जोडून बँकेला हप्ते कमी करून द्या असा अर्ज करा, पोच घ्या. रिकव्हरीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, रेकॉर्डिंग ठेवा. लोकअदालतीची नोटीस आली तर ते तडजोडीचं बोलावणं असतं, घाबरू नका. पण हप्ता बाऊन्सची वकिलाची नोटीस, आर्बिट्रेशनचं (लवादाचं) पत्र किंवा कोर्टाचं समन्स आलं तर ड्रॉवरमध्ये टाकू नका, त्याच आठवड्यात वकील गाठा. फी परवडत नसेल तर खेडच्या (म्हणजे तुमच्या राजगुरुनगरच्याच) कोर्टात तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो, जाताना उत्पन्नाचा दाखला न्या.