स्टालमनबाईंवर पहिला लेख लिहिताना

पहिल्याच आदरांजलीसाठी नवजात बाळांवर उपचार करणाऱ्या अमेरिकन डॉक्टर मिल्ड्रेड स्टालमन यांना निवडलंत, फार छान केलंत. जन्म १९२२, निधन २०२४, पुरस्कार हे दोन ओळींत उरका. नवखे तिथेच अडकतात.

सुरुवात १९६१ च्या नॅशव्हिलपासून करा. तिथल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांची मुलगी श्वासासाठी धडपडतेय. बाई तिला पोलिओच्या रुग्णांना ठेवत तशा, पण बाळाच्या मापाच्या श्वसनयंत्रात ठेवतात. ती जगली, आणि मोठी होऊन तिथल्याच नवजात अतिदक्षता विभागात नर्स झाली! इथे घाई नको, वाचकाला ते बाळ दिसू द्या.

दोन चुका टाळा:
- 'देवदूत' वगैरे विशेषणं.
- संशोधन गाळणं. नवजात कोकरांच्या फुफ्फुसांवरचा त्यांचा अभ्यास साध्या शब्दांत सांगा.

यंत्राचे तांत्रिक तपशील सध्या राहू द्या. मसुदा झाला की पाठवा, मी नक्की वाचेन.