‘चपटा मासा’ म्हणजे पापलेट नव्हे

प्रश्न असा आला आहे : थंड किनारी समुद्रात स्कूबा करताना ‘चपटे मासे’ कुठे शोधायचे, आणि पापलेटही त्यांतच धरायचं का?

पापलेट धरायचं नाही. ते चपटं असलं तरी उभं पोहतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. पाखटही यात नको, ते पोटावर टेकतं. प्रश्नातले मासे कुशीवर पडून असतात. पिल्लू असताना तेही उभेच पोहतात. मग एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्याच्या शेजारी येतो आणि मासा कायमचा आडवा होतो. ‘चपटा’ या विशेषणात यातलं काय आलं? तरीही प्लेस, सोल, टर्बट अशा यातल्या सगळ्या जातींपुढे ‘एक चपटा मासा’ एवढंच लिहून कोशकार मोकळे होतात, तेव्हा मला मनस्वी राग येतो. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनेयसने १७५८मध्ये यांच्यासाठी ‘प्लूरोनेक्टेस’, म्हणजे कुशीवर पोहणारा, असं नाव वापरलं. पाहून ठेवलेलं नाव असं असतं.

सोल हा लॅटिन ‘सोलेआ’ म्हणजे चपलेवरून आला, हे सगळेच सांगतात. खरा आनंद ‘प्लेस’मध्ये आहे. त्याच्यामागे उत्तरकालीन लॅटिन ‘प्लाटेस्सा’, त्याच्यामागे ग्रीक ‘प्लातुस’, म्हणजे रुंद, पसरट. आणि हा ‘प्लातुस’ आपल्या ‘पृथु’चा सख्खा भाऊ! म्हणजे प्लेस आणि पृथ्वी एकाच मुळाच्या. त्यात अमरकोशात माशाच्या नावांची ओळ उघडते तीच ‘पृथुरोमा’ने, म्हणजे रुंद खवल्यांचा. दोन्ही नावं स्वतंत्रपणे पडली हे मान्य, पण दोन टोकांच्या भाषांनी माशाकडे बघून एकच धातू उचलावा, याचं मला अजून अप्रूप आहे.

मराठीत मला विचाराल तर या साऱ्या माशांना ‘लेप’ हेच नाव चालवावं. ते जिभेसारख्या लांबट जातींपुरतंच आहे, असा आक्षेप घेतला जातो. मला तो मान्य नाही. माझ्या मते या नावात ‘लिप्’ धातूच आहे : तळाला लिंपल्यासारखा बसलेला मासा. हा गुण साऱ्या कुळाचा आहे, मग नाव साऱ्या कुळाला का नको?

आता जागा. खडक संपून वाळू सुरू होते ती कड धरा. वाळू, बारीक खडी, चिखल, नदीमुखाजवळचा सपाट तळ. यांतलाच फ्लाउंडर तर निमखाऱ्या पाण्यातही शिरतो. अख्खा मासा शोधू नका. तो पर फडफडवून अंगावर वाळू ओढून घेतो आणि रंगही तळासारखा करतो. दिसतात ते शेजारी शेजारी वर आलेले दोन डोळे, कल्ल्याची हळू उघडझाप आणि वाळूत उमटलेली लंबगोल कड. प्लेस असेल तर नारिंगी ठिपके. पायांतल्या फिन्स तळापासून वर ठेवा, नाहीतर गाळ उठतो आणि मासा दिसायच्या आधीच पळतो. रात्री टॉर्चच्या उजेडात ते जास्त सापडतात. एवढ्यावर वाळूच धरून बसू नका, कारण युरोपच्या किनाऱ्यावरचा टॉपनॉट हा यांतलाच मासा खडकाच्या उभ्या भिंतीला, कधी कपारीच्या छतालाही चिकटून असतो. त्याला ‘लेप’ सोडून दुसरं काय म्हणणार?