कॅमेऱ्याला काय दिसतं, काय दिसत नाही

प्रश्न : आमच्या १२० घरांच्या सोसायटीतून दोन सायकली आणि एक स्कूटर चोरीला गेली. आता कमिटी चेहरा ओळखणारे कॅमेरे बसवणार आहे. अनोळखी माणूस आत शिरला की सेक्रेटरींच्या मोबाइलवर लगेच सूचना येईल, असं विक्रेता सांगतो. घरटी साडेचार हजार वर्गणी आहे. द्यावी का?
– एक सभासद, डोंबिवली

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, देऊ नका. अनोळखी म्हणजे चोर नव्हे. तुमच्या फाटकातून दिवसभर कुरिअरवाले, जेवणाचे डबे पोचवणारे, गॅस सिलिंडरवाले, कोणाकडे बदलीवर आलेल्या कामवाल्या मावशी, पाहुणे, असे किती जण येत असतील? त्या सगळ्यांसाठी सेक्रेटरींचा मोबाइल वाजणार. दोन दिवस ते बघतील, तिसऱ्या दिवशी आवाज बंद करून ठेवतील. आणि चोराचा फोटो यंत्राला आधीच देता येत नाही, कारण तो तुमच्याकडे नाहीच.

पोलिसांकडे असे फोटो असतात, तरीही काय होतं ते पाहा. जून २०१७ मध्ये कार्डिफला फुटबॉलच्या चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. साउथ वेल्स पोलिसांनी गर्दीवर चेहरा ओळखणारे कॅमेरे लावले. यंत्राने २,४७० वेळा ‘हा यादीतला माणूस’ असं सांगितलं आणि त्यातल्या २,२९७ वेळा तो कोणी भलताच निघाला. कारण साधं आहे. प्रचंड गर्दीत हवे असलेले लोक मूठभरच असतात. यंत्र शंभरात एकदा जरी चुकलं, तरी लाखभर निरपराध चेहऱ्यांत हजार चुका होतात आणि खरे दोन-चार जण त्यात हरवून जातात. आपल्याकडे दिल्ली पोलिसांनी हरवलेली मुलं शोधायला हे तंत्र वापरलं, तेव्हा त्याची अचूकता अवघी दोन टक्के असल्याचं २०१८ मध्ये उच्च न्यायालयात सांगावं लागलं होतं. मला यातली चुकीची ओळख जास्त सलते. फाटकावर अडवला जाणार तो पार्सल घेऊन आलेला एखादा पोरगा. त्याची बाजू कोण ऐकून घेणार?

त्याऐवजी आहेत त्या कॅमेऱ्यांकडे बघा. नाशिकमधल्या सोसायट्यांची यंत्रणा तपासण्याचं काम मी करते आणि तेच ते दोष पुन्हा पुन्हा सापडतात. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ चुकलेलं असतं, त्यामुळे चोरीच्या वेळचं चित्रण शोधायचं कुठे हेच कळत नाही. हार्ड डिस्क कधीतरी बंद पडलेली असते, पण पडद्यावर चालू चित्र दिसतंय म्हणून रेकॉर्डिंगही होतंय असं सगळे धरून चालतात. कॅमेरा इतका उंच लावलेला असतो की फक्त टोपी नाहीतर टक्कल दिसतं. रात्री गाडीचा हेडलाइट समोर आला की नंबरप्लेटच्या जागी पांढरा डाग उरतो. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, हेही पुष्कळांना माहीत नसतं. चोरी उशिरा लक्षात आली तर पुरावा गेलेला असतो. महिन्यातून एकदा कोणीतरी पाच मिनिटं बसून आठवड्यापूर्वीचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, तर यातलं बरंचसं सुधारेल. स्कूटर मात्र चांगल्या साखळीने आणि पार्किंगमधल्या दिव्याने जास्त सुरक्षित राहील.

आणखी एक काम आजच करा. डीव्हीआरचा पासवर्ड बदला. बसवणाऱ्याने दिलेला मूळ पासवर्डच बहुतेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालू असतो. कमिटी बदलते, माणसं सोसायटी सोडून जातात, पासवर्ड तोच. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने नेमके असे मूळ पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अमेरिकेत कित्येक तास कोलमडल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर राजकोटच्या एका प्रसूतिगृहात तपासणीसाठी आलेल्या बायकांचं चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं. त्या बायकांना कॅमेरा सुरक्षेसाठी आहे असंच वाटलं असणार. म्हणून मोबाइलवरून कॅमेरा बघायची सोय खरंच हवी असेल तरच चालू ठेवा. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोणाचं दार किंवा खिडकी येत असेल, तर त्या घराला विचारल्याशिवाय तो तसा राहू देऊ नका. आणि चित्रण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कधीच.

प्रश्न : ताई, माझी आई निवृत्त शिक्षिका आहे. तिला पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तीन महिने तुमचा फोन आमच्या नजरेखाली आहे, खोलीबाहेर जाऊ नका,’ असं सांगत राहिला. भाऊ वेळेवर घरी आला, पैसे गेले नाहीत. पण आई आता रात्री फोन पिठाच्या डब्यात ठेवते. तिचं सगळं खरंच कोणाला दिसतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आईंना आधी सांगा, नाही दिसत. त्या माणसाला फक्त फोनच्या कॅमेऱ्यासमोर जे होतं तेवढंच दिसलं आणि कॉल तुटताच तेही थांबलं. त्यांचं नाव, आधारचे शेवटचे आकडे, मुलांची नावं त्याला ठाऊक असतील तर ती हेरगिरी नव्हे. दुकानादुकानांत ठेवलेल्या आपल्या झेरॉक्स आणि फुटलेल्या याद्या यांतून अशी माहिती बाहेर पडते.

सरकारला फोन ऐकता येतो, पण त्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश लागतो. ज्याचा फोन ऐकायचा त्याला पोलीस कधी कळवत बसत नाहीत. पेगाससारखी, फोनमध्ये शिरून हेरगिरी करणारी साधनं खरी आहेत. २०२१ मध्ये आपल्याकडच्या पत्रकारांची आणि कार्यकर्त्यांची नावं त्या संदर्भात बाहेर आली. त्याविरुद्ध आवाज उठवलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण ती महागडी हत्यारं आहेत आणि माणसं निवडून वापरली जातात. साताऱ्याच्या शिक्षिकेला लुबाडायला चोराला त्यांची गरजच नसते. ‘आम्हाला सगळं दिसतं’ एवढं वाक्य त्याला पुरतं.

व्हिडिओ कॉलवरून अशी अटक, म्हणजे ‘डिजिटल अरेस्ट’, असा कुठलाही प्रकार कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं. तुम्ही एवढंच तपासा : कॉल चालू असताना आईंनी कुठलं ॲप घेतलं का, स्क्रीन दाखवली का, किंवा लग्नपत्रिका, वाहनाचं चलन अशा नावाची एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) उघडली का? तसं झालं असेल तर नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, मग फोन जाणकाराकडून साफ करून घ्या. नसेल झालं, तर फोनमध्ये काही शिरलेलं असण्याची शक्यता फार कमी आहे. पैसे गेले नसले तरी तक्रार जरूर करा, केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर ती घरबसल्या नोंदवता येते. पैसे गेले असते तर त्याच क्षणी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा लागला असता, कारण रक्कम पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवली गेली तरच ती वाचते. आणि दोन दिवस संध्याकाळी आईंजवळ बसून फोन त्यांच्याच हातात द्या, त्यांच्याकडूनच नेहमीची कामं करून घ्या.

प्रश्न : पासवर्ड वहीत लिहून ठेवले तर चालतात का? मुलगा रागावतो.
– एक आजोबा, कुडाळ

उत्तर : चालतात. तुमचे पासवर्ड चोरणारा शेकडो मैलांवर बसलेला असतो, कपाटातल्या वहीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवा. दर तीन महिन्यांनी बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ पासून तो आग्रह सोडला आहे. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र लगेच बदला. यूपीआयचा पिन वहीत लिहू नका, तो पाठ करा. आणि वही कुठे आहे ते मुलाला सांगून ठेवा.