मागच्या वेळी डोळे आले तेव्हाचे मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचे थेंब उरलेत. आता परत टाकले तर चालतील का, आणि किती टाकायचे?

नाही चालणार. फोडलेली बाटली महिनाभरात टाकून द्यायची असते, मग तळाशी कितीही औषध दिसू दे आणि पाकिटावर एक्सपायरी पुढच्या वर्षाची असू दे.

पण मला खटकलं ते ‘मागच्या वेळचे’. मी डी. फार्म, म्हणजे औषधनिर्माणाचा डिप्लोमा केलाय. कोल्हापुरात रंकाळा स्टँडजवळच्या काकांच्या मेडिकलमध्ये बरीच वर्षं काउंटरवर उभा होतो आणि हा प्रश्न तिथं रोज ऐकलाय. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा तर लोक चिठ्ठीबिठ्ठी काही न आणता नुसता डोळा दाखवायचे. ती साथ विषाणूची होती, मॉक्सिफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकनं विषाणूला काही होत नाही, डोळे आपसूकच बरे होतात. श्रेय मात्र थेंबांना मिळालं आणि घरोघरी अर्ध्या बाटल्या उरल्या.

त्याच वर्षी गळीत हंगामात पन्हाळ्याकडचा एक माणूस आला. एक डोळा लालभडक, पाणी गळतंय, उजेडाकडं बघवत नाही. ऊस तोडताना पातं लागलेलं. खिशातून बाटली काढून म्हणाला, “पोराला साथीत ह्येनंच गुण आलाता. हीच द्या.” बाटली फिरवून बारीक अक्षरं वाचली. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनच्या खाली डेक्सामेथासोन, म्हणजे स्टिरॉइड. लाली दोन दिवसांत उतरते म्हणून लोकांना ही जोडगोळी फार आवडते. पण पाल्यानं खरचटलेल्या बुबुळात बुरशी गेली असेल तर स्टिरॉइड म्हणजे तिला खतपाणीच. त्याच्या बुबुळावर बारीक पांढरट ठिपका मला बॅटरीच्या उजेडात दिसला. मी बाटली दिली नाही, “आत्ताच्या आत्ता सीपीआरला जा” म्हणून सांगितलं. सीपीआर म्हणजे कोल्हापूरचा सरकारी दवाखाना.

काका गल्ल्यावरून बघत होते. तो पायरी उतरला तसे म्हणाले, “आलेलं गिऱ्हाईक परत लावतोस व्हय रं? तू नाही दिलंस तर पलीकडचा देणारच की.” चिठ्ठीशिवाय देऊ नये म्हणून पाकिटावर असते ती लाल रेघ दाखवली तर म्हणाले, “रेघंनं पोट भरतंय काय?”

बुबुळ खरवडून तपासल्यावर बुरशीच निघाली. बुरशीवरचे नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, आणि पुढं कितीतरी आठवडे उपचार. डोळा वाचला, पण फूल पडलं, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग राहिला, नजर पहिल्यासारखी राहिली नाही. काकांचं म्हणणं अजून तेच: तो तसाही बरा झाला असता, आपलं गिऱ्हाईक मात्र तुटलं. अहो, झालेली इजा डोळ्यात दिसत असताना ‘तसाही’ कसलं?

तर तुमचं. सकाळी पापण्या चिकटत असतील, दिवसभर पिवळी-हिरवी चिपडं येत असतील तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता जास्त. नुसतं पाणी येत असेल, सोबत सर्दी असेल तर बहुधा विषाणू. नक्की काय ते डॉक्टर सांगतील. साधं मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के दिलं तर सहसा दिवसातून तीनदा एक थेंब, सात दिवस. एकच थेंब. डोळ्यात तेवढाही पुरता मावत नाही, दुसरा गालावर ओघळतो. खालची पापणी ओढून टाका, बाटलीचं टोक कशाला लावू नका, नंतर मिनिटभर नाकाजवळचा कोपरा दाबून धरा. घसा कडू होत नाही.

हो, एक राहिलंच. डोळे येण्याचा साधा जिवाणूसंसर्ग पुष्कळदा औषधाशिवायही बरा होतो, थेंबांनी तो लवकर आटोपतो, म्हणजे अशा साध्या डोळ्यांपुरतं काकांचं ‘तसाही’ अगदीच चुकीचं नाही. पण डोळा ठणकत असेल, अंधुक दिसत असेल, उजेड सोसत नसेल, काही लागलं असेल, लेन्स वापरत असाल किंवा तान्ह्या बाळाचा डोळा असेल तर मेडिकलची पायरी चढूच नका, थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडं जा.

आता दुकानात चुलतभाऊ बसतो. तो असली उत्तरं वाचत असतो म्हणून इथंच लिहितो: भावा, ते स्टिरॉइडवाले थेंब पुढच्या फळीवरून उचल आणि चिठ्ठी बघितल्याशिवाय खाली काढू नकोस. काकांना माझं नाव सांग.